चॉकलेट सिस्टच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, करून टाकू का?

प्रश्न असा आहे: वय २९, पुण्यात आयटीत नोकरी, लग्नाला दीड वर्ष. पाळी सुरू झाल्यापासूनच पोटात दुखतं, गेल्या दोन वर्षांत फारच वाढलंय. पहिले दोन दिवस गोळी घेऊनही ऑफिसला जाता येत नाही. पाळीत संडासला बसलं की आतून कळ येते, संबंधाच्या वेळीही दुखतं. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात ४.६ सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली. उजवं अंडाशय नॉर्मल. एएमएच (अंडाशयात बीजं किती आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.८, सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेनं करतात ती रक्ततपासणी) ७४. एक डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून लगेच काढून टाकू, उगीच कॅन्सरची धाकधूक नको. त्यांनी तारीखही दिली आहे. दुसऱ्या डॉक्टर म्हणतात, सहा महिने डायनोजेस्ट ही हॉर्मोनची गोळी घ्या. नणंद म्हणते, वेळ घालवू नका, थेट आयव्हीएफ करा. वर्षभरात मूल हवंय, चार महिन्यांपासून प्रयत्न चालू आहेत. काय करू?

तुमच्या जागी माझी भाची असती तर ती तारीख पुढे ढकल, असं मी तिला सांगितलं असतं. का ते सांगते, आणि काय कळलं तर माझं मत उलटं फिरेल तेही सांगते. मी तुम्हाला तपासलेलं नाही, समोर फक्त आकडे आहेत. हे वाचून निर्णय घेण्यापेक्षा तुमच्या डॉक्टरांना चार जास्तीचे प्रश्न विचारा, एवढीच अपेक्षा.

तिघांनी तुम्हाला तीन उत्तरं दिली, आणि गंमत म्हणजे तिघांपैकी कुणीच साफ चूक नाही. पहिल्या डॉक्टरांनी गाठीवर उत्तर दिलं, दुसऱ्यांनी दुखण्यावर, नणंदेनं मुलावर. एंडोमेट्रिओसिसमध्ये, म्हणजे ज्या आजारातून ही चॉकलेट सिस्ट होते त्यात, या तिन्ही गोष्टींची औषधं एकमेकांच्या आड येतात. दुखणं थांबवणाऱ्या हॉर्मोनच्या गोळ्या चालू असेपर्यंत सहसा दिवस राहत नाहीत. गाठ काढायला गेलं तर अंडाशयातली बीजं कमी होतात. आयव्हीएफनं मूल होईल कदाचित, पण पाळीतली कळ जिथल्या तिथे राहते. म्हणून ‘ऑपरेशन करू का’ याच्या आधी ‘ऑपरेशन कशासाठी’ हे ठरायला लागतं. माझ्याकडे फाइल घेऊन येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणींना याचं उत्तर देता येत नाही, कारण त्यांना ते कुणी विचारलेलंच नसतं. गाठ आहे ना, मग काढायची, इतकं ते सरळ धरलेलं असतं.

आजार काय आहे ते तुम्ही वाचलंच असेल, दोन वाक्यांत उरकते. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर किंवा लघवीच्या पिशवीवर रुजतात आणि पाळीच्या हॉर्मोनवर तिथेच सुजतात, रक्तस्राव करतात, आजूबाजूचे अवयव एकमेकांना चिकटवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळी येण्याच्या वयातल्या दर दहातल्या एकीला हा आजार असतो, जगभरात साधारण १९ कोटी जणींना. अंडाशयात हे जुनं रक्त साठून झालेली गाठ म्हणजे चॉकलेट सिस्ट. हे नाव अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या जॉन सॅम्पसन या डॉक्टरांनी १९२१ च्या सुमाराला रूढ केलं. आमच्या कोल्हापूरकडे शोध लागला असता तर तिला काकवीची गाठ म्हटलं असतं. फोडल्यावर जे बाहेर येतं ते रंगानं आणि दाटपणानं थेट काकवीसारखं असतं.

आता या गाठीची एक खोड सांगते, कारण तुमचा सगळा निर्णय तिच्याभोवती फिरतो. अंडाशयात इतरही गाठी होतात. डर्मॉइड नावाची गाठ काढताना तिचं कवच भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखं सुटतं, बोटांत धरलं की आलंच. चॉकलेट सिस्टला असं स्वतःचं सुटं कवच नसतं. अंडाशयाचाच थर आत वळून तिची भिंत झालेली असते. अगदी ताजं अंडं उकडून सोलायला घेतलंय का कधी? कवचाबरोबर पांढऱ्याचे लचके निघून येतात. तसंच होतं इथे. आम्ही कितीही जपून सोललं तरी भिंतीबरोबर थोडं चांगलं अंडाशय येतंच, आणि त्यातच तुमची बीजं असतात. त्यावर रक्त थांबवायला आम्ही विजेचा चटका देतो, त्यात आणखी थोडी जळतात. म्हणून ऑपरेशननंतर एएमएच उतरतं. काहींचं नंतर थोडं सावरतं, पण पूर्ववत होईलच असं सांगता येत नाही. दोन्ही बाजूंच्या गाठी एकाच वेळी काढल्या तर शंभरातल्या दोन-तीन जणींची पाळी तिथेच कायमची थांबल्याची नोंद आहे.

हे मी पुस्तकातून शिकले तसं हातानंही शिकले. प्रॅक्टिसच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका सव्वीस वर्षांच्या मुलीच्या दोन्ही बाजूंच्या गाठी मी अगदी स्वच्छ काढल्या. व्हिडिओ इतका सुंदर होता की एका कॉन्फरन्सला दाखवला. ऑपरेशनआधी तिचं एएमएच तपासलं नव्हतं; तेव्हा सगळेच तपासत नव्हते, पण ती सबब झाली. दोन वर्षांनी ती मूल होत नाही म्हणून परत आली तेव्हा आकडा ०.३ होता. त्या मुलीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. तो व्हिडिओ मी पुन्हा कुठे दाखवला नाही.

मग ४ सेंटिमीटरच्या वर गेली की काढायची, हे कुठून आलं? पूर्वी तसाच रिवाज होता. मोठी गाठ काढली की आयव्हीएफचा निकाल सुधारतो असं मानलं जायचं. तपासून पाहिल्यावर ते टिकलं नाही. युरोपातली वंध्यत्व-तज्ज्ञांची संस्था, एश्रे, हिनं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना नव्यानं काढल्या. फक्त आयव्हीएफचं यश वाढावं म्हणून आधी चॉकलेट सिस्ट सरसकट काढू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. काढायची तर दुखण्यासाठी, किंवा बीजं काढण्याच्या सुईला गाठ आड येत असेल तर. त्याच सूचनांत दुसरंही आहे: निदान पक्कं करण्यासाठी दुर्बीण घालायलाच पाहिजे, हा जुना आग्रह आता सोडलेला आहे. सोनोग्राफी किंवा एमआरआय चांगला झाला असेल तर फक्त ‘आत काय आहे ते बघू’ म्हणून भूल घ्यायची गरज नाही.

तेव्हा तुमच्या ४.६ च्या आकड्याला मी घाबरत नाही. मला काळजी वेगळ्याच दोन वाक्यांची आहे, जी तुम्ही ओघात लिहून गेलात: पाळीत संडासला बसल्यावर आतून येणारी कळ, आणि संबंधाच्या वेळचं दुखणं. अंडाशयातली गाठ एकटीच असेल तर सहसा असं दुखत नाही. गर्भपिशवीच्या मागे, गुदाशयाच्या पुढे एक खोलगट जागा असते. खोलवर रुजलेला आजार तिथे बसतो, पिशवीला धरून ठेवणाऱ्या बंधांवर, कधी आतड्याच्या भिंतीत. तो साध्या सोनोग्राफीत हमखास सुटतो. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘डाव्या अंडाशयात ४६ बाय ४० मिमी एंडोमेट्रिओटिक सिस्ट’ एवढी एकच ओळ असेल, तर तो अर्धा रिपोर्ट आहे असं समजा. आणि डाव्या बाजूची गाठ काढून टाकली, मागचा खोल आजार तसाच राहिला, तर तीन महिन्यांनी तुम्ही म्हणाल, ‘डॉक्टर, ऑपरेशन केलं तरी दुखतंयच.’ अशा बायका मी महिन्याला एक-दोन तरी बघते. त्यांच्या पोटावर तीन टाक्यांच्या खुणा असतात, आणि दुखणं असतं तिथेच.

म्हणून पहिलं काम नकाशाची सोनोग्राफी, म्हणजे आजार कुठे कुठे पसरलाय त्याचा नकाशा काढणारी. एंडोमेट्रिओसिसचा सराव असलेल्या सोनोलॉजिस्टकडून, योनीमार्गे, अर्ध्या तासाची वेळ मागून घेऊन करायची. त्यात ते प्रोबनं हलकेच ढकलून बघतात की पिशवी आणि गुदाशय एकमेकांवरून सरकतायत का. निरोगी पोटात ते दोन ओल्या साबणवड्यांसारखे घसरतात. आजारानं चिकटले असतील तर एकत्र हलतात. तुम्हाला नेमकं कुठे दुखतं ते त्या वेळी बोला, तेही रिपोर्टात यायला हवं. आतड्याबद्दल शंका आली तर एमआरआय. याच तपासणीत ॲडेनोमायोसिस, म्हणजे तसल्याच पेशी पिशवीच्या भिंतीत शिरल्यानं होणारा आजार, आहे का तेही बघायला सांगा. तो असेल तर पाळीच्या दुखण्यातला बराच वाटा त्याचा असतो, आणि गाठ काढून तो जात नाही. (लग्न न झालेल्या मुलींच्या आया इथे अडतात. त्यांची तपासणी पोटावरून किंवा गुदमार्गे करता येते, आणि अनुभवी माणूस त्यातही पुष्कळ बघतो. तपासणीच टाळणं हा उपाय नव्हे.)

ही सोनोग्राफी पहिल्या सोनोग्राफीनंतर दीड-दोन महिन्यांनी झाली तर आणखी बरं. बीज सुटताना होणारी रक्ताची साधी गाठ कधी कधी हुबेहूब चॉकलेट सिस्टसारखी दिसते आणि एक-दोन पाळ्यांत आपोआप विरते. तुमची लक्षणं बघता तुमची तशी नसावी, पण एका सोनोग्राफीवर ऑपरेशन टेबलावर चढू नये हे खरं.

आता दुखण्यासाठी ऑपरेशन करून खरंच फरक पडतो का? पडतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण प्रामाणिक प्रयोगात ३९ स्त्रियांना दोन गटांत वाटलं. एका गटाचा आजार पहिल्याच दुर्बिणीत कापून काढला, दुसऱ्या गटाच्या पोटात फक्त दुर्बीण घालून बघितलं आणि टाके घातले. कुणाचं काय केलं ते त्यांना सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ८० टक्के जणींना बरं वाटत होतं. आणि नुसतं बघून बाहेर आलेल्यांपैकी? ३२ टक्के! मी दोन्ही आकडे रुग्णांना सांगते. पहिला सांगतो की चांगलं ऑपरेशन दुखण्यावर काम करतं. दुसरा सांगतो की ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी छान वाटलं म्हणून सर्जननं लगेच पाठ थोपटून घेऊ नये, यात मीही आले.

पण ते टिकतं किती? पुढे काहीच औषध घेतलं नाही तर दोन वर्षांत साधारण पाचातल्या एकीला, पाच वर्षांत ४० ते ५० टक्के जणींना पुन्हा त्रास होतो. म्हणून ऑपरेशननंतर ज्यांना लगेच मूल नको त्यांना आम्ही गोळ्या किंवा हॉर्मोनची तांबी देतो, दीड-दोन वर्षं तरी. दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं सोपं कधीच नसतं: सगळं आणखी चिकटलेलं, अंडाशय आणखी लहान झालेलं. पहिलं ऑपरेशन म्हणजे मोडायची ठेव आहे असं समजा. मोडायची तर अशा वेळी, जेव्हा त्या पैशातून घर होईल.

मुलाचा विचार केला तर तुमची वेळ कोणती? चार महिने प्रयत्न म्हणजे अजून काहीच नाही, पण आजार ठाऊक असताना वर्षभर वाट बघत बसू नका. सहा महिने पुरेत. १.८ हे एएमएच २९ व्या वर्षी भरगच्च नाही आणि रिकामंही नाही. ते बीजांची संख्या सांगतं, प्रत नाही. नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे त्यावरून सांगता येत नाही. मात्र ऑपरेशनआधी राखून ठेवायला हवं इतपत ते नक्की आहे. तोवर एक साधी गोष्ट करा: नवऱ्याची वीर्यतपासणी. फाइलमध्ये बायकोच्या बावीस तपासण्या आणि नवऱ्याची एकही नाही, हे दृश्य माझ्या टेबलावर आठवड्यातून एकदा येतं. एका जोडप्यात बाईचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, नंतर कळलं शुक्राणूंची संख्या इतकी कमी की आयव्हीएफशिवाय मार्गच नव्हता. ते ऑपरेशन कुणासाठी झालं? त्या नवऱ्याला वाईट वाटलं ते पुष्कळ, पण बीजं काही परत आली नाहीत.

इथे एक गैरसमज दूर करते. ‘ऑपरेशननंतर लवकर दिवस राहतात’ याला आधार आहे, पण तो सौम्य आजाराच्या बाबतीत. १९९७ मध्ये कॅनडातून आलेल्या ३४१ स्त्रियांच्या अभ्यासात पडद्यावरचे बारीक ठिपके (दिसायला फोडणीत जळलेल्या मोहरीसारखे असतात ते) जाळल्यावर किंवा काढल्यावर ३६ आठवड्यांत जवळपास ३१ टक्के जणींना दिवस गेले, न काढलेल्यांत सुमारे १८ टक्के. त्या स्त्रियांना मोठ्या चॉकलेट सिस्ट नव्हत्या. तो आकडा दाखवून तुमची गाठ काढायला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर कर्ज काढण्यासारखं झालं.

कॅन्सरची भीती. सीए-१२५ चा ७४ आकडा बघून तुम्ही रात्री झोपला नसाल. एंडोमेट्रिओसिसमध्ये तो वाढतोच, पाळीतही वाढतो. तुमच्या वयात, सोनोग्राफीत गाठीच्या आत रक्तपुरवठा असलेला घट्ट भाग दिसत नसेल तर या आकड्याला मी महत्त्व देत नाही. मी असते तर तो मागवलाच नसता. या आजारात अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका इतरांहून किंचित जास्त असतो हे खरं आहे, पण मुळात तो इतका कमी की त्यासाठी २९ व्या वर्षी अंडाशय सोलून घ्यावं असं कुणी शहाणा सांगणार नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहा. गाठ झपाट्यानं वाढली किंवा आत घट्ट भाग दिसला तर तेव्हा नक्की काढायची. गाठ फुटते क्वचितच. पण एकदम असह्य दुखायला लागलं, घाम, उलटी, ताप आला तर तडक कॅज्युअल्टीला जा.

डायनोजेस्टबद्दल माझं मत चांगलं आहे. रोज २ मिलिग्रॅमची एक गोळी, पाळी मंदावते किंवा थांबते, बहुतेकींचं दुखणं महिन्या-दोन महिन्यांत उतरतं. सुरुवातीला थोडं थोडं लागत राहतं, काहींचा मूड बिघडतो, तसं झालं तर सांगायचं, सोसायचं नाही. पण तिनं गर्भ राहण्याची क्षमता सुधारत नाही. ‘सहा महिने गोळी घ्या, मग दिवस राहतील’ हे बरोबर नाही. ते सहा महिने नुसते मागे पडतात. तुम्हाला मूल दोन वर्षांनी हवं असतं तर मी हीच गोळी लिहिली असती आणि ऑपरेशनचं नावही काढलं नसतं. वर्षभरात हवं असेल तर पाळीपुरत्या वेदनाशामक गोळ्या, दुखणं चढायच्या आधी, जेवणानंतर, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या डोसमध्ये. पाळी चुकली की बंद. आणि संबंधाच्या वेळच्या दुखण्यासाठी ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी. वर्षानुवर्षं दुखून ते स्नायू मुठीसारखे आवळलेले असतात, ते कुठल्याही चाकूनं सुटत नाहीत. पुण्यात हे करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांच्याकडे स्त्रिया फार उशिरा पोचतात.

‘एक मूल झालं की सगळं बरं होईल’ हे ज्या कुणी तुम्हाला सांगितलं असेल त्यांना हसून नमस्कार करा.

आता माझं मत कधी उलटेल ते. नकाशाच्या सोनोग्राफीत मूत्रवाहिनी दाबली जाऊन किडनीला सूज दिसली तर वाट बघायची नाही. हा प्रकार बिनबोभाट चालतो, लघवीला त्रास नाही, पाठ दुखत नाही, आणि एक दिवस कळतं की डावी किडनी कामातून गेली. मी अशी एक बघितली आहे, पस्तिशीची शिक्षिका. आतड्याचा मार्ग अरुंद होत असेल, गाठीचं रूप संशयास्पद असेल, तरीही ऑपरेशन. आणि यातलं काहीच नसलं तरी दुखणंच इतकं की महिन्यातले पाच दिवस आयुष्य बंद पडतं, गोळ्यांनी भागत नाही, संबंध नकोसे झाल्यानं मुलाचे प्रयत्नच होत नाहीत, तर दुखण्यासाठी ऑपरेशन करावं. ते योग्य कारण आहे, आणि ते तुमचं तुम्हीच सांगू शकता. तुम्ही किती सोसू शकता हे मी किंवा सासूबाईंनी ठरवायचं नसतं. फक्त अशा वेळी ते अर्धवट नको. खोल आजार असेल तर तो काढणाऱ्या टीमकडे जा, जिथे आतड्याचा सर्जन आणि यूरोलॉजिस्ट गरज पडल्यास त्याच टेबलावर येतील. एएमएच बेताचं असल्यानं आधी भ्रूण गोठवून ठेवायचे का, हेही विचारा.

सर्जनना काय विचारायचं? गाठ सोलून काढणार की नुसती रिकामी करणार, हे पहिलं. नुसती सुईनं उपसलेली काकवी काही महिन्यांत पुन्हा भरते. रक्त थांबवायला चटका देणार की टाके घालणार? मागच्या वर्षी खोल एंडोमेट्रिओसिसची किती ऑपरेशनं केली? ठरवलं त्यापेक्षा जास्त आजार आत दिसला तर काय करणार? माझा अनुभव आहे, चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. शेवटच्या प्रश्नाला ‘मग आहे त्यावरच थांबून तुमच्याशी बोलू’ हे उत्तर मिळालं तर मला माणूस आवडतो.

आणि संमतीपत्र नीट वाचा. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीतल्या एका प्रकरणात निकाल दिला, तो प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाला पाठ असतो, निदान असायला हवा. ४४ वर्षांची अविवाहित बाई तपासणीसाठी दुर्बिणीला तयार झाली होती. आत एंडोमेट्रिओसिस दिसला, ती भुलीत होती, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भपिशवी आणि अंडाशय काढून टाकली. कोर्ट म्हणालं, सज्ञान बाई भुलीत आहे म्हणून तिच्या आईची संमती चालत नाही, जिवावर बेतलेलं नसेल तर थांबून तिलाच विचारायला हवं होतं. आपल्याकडे अजूनही कागदावर सही नवऱ्याची आधी घेतात. तुम्ही स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहा: ‘जिवाला धोका असल्याखेरीज अंडाशय किंवा गर्भपिशवी काढण्यास माझी संमती नाही.’ कुणाला अपमान वाटला तर वाटू दे.

हे मी जरा जोरानं सांगते याला कारण आहे. ‘पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल’ हे वाक्य आपल्या महाराष्ट्रात फार स्वस्त झालंय. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांची कारणं वेगळी होती, कामाचे खाडे पडू नयेत म्हणून, अडाणीपणाचा फायदा घेऊन, भीती घालून. पण शहरात मेडिक्लेमवाल्या बाईला तेच वाक्य थोड्या गोड शब्दांत मिळतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये पिशवी काढली तरी बाहेर रुजलेला आजार तिथेच राहतो आणि दुखत राहू शकतो.

मेडिक्लेमचं म्हणाल तर एंडोमेट्रिओसिसच्या ऑपरेशनला बऱ्याच पॉलिसींत पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत, वंध्यत्वाच्या उपचारांना तर सहसा नाहीच. पॉलिसी संपतेय म्हणून ऑपरेशन उरकणाऱ्या दोघी-तिघी दरवर्षी भेटतात. तो हिशोब शेवटी करा.

ऑपरेशन झालंच तर त्याचा बाऊ नको. नुसत्या गाठीचं असेल तर बेंबीत एक आणि खाली दोन-तीन बारीक छेद, एक-दोन दिवस दवाखाना, साधारण दोन आठवड्यांत ऑफिस. पोटात भरलेल्या वायूनं खांदा दुखतो, त्याला बायका फार घाबरतात. दोन दिवसांत जातं. पहिली पाळी जास्त दुखू शकते. आतड्यावर काम झालं तर हे सगळं लांबतं, आणि शिवण गळण्याचा, लघवी-संडासच्या तक्रारींचा धोका असतो. तो आधी समोर बसून समजून घ्यायचा.

तर उद्या काय कराल? ज्यांनी तारीख दिलीय त्यांना स्वतः फोन करा, रिसेप्शनवर निरोप ठेवू नका. म्हणा, ‘डॉक्टर, मला संडासच्या वेळी दुखतं, हे मी तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं. नकाशाची सोनोग्राफी करून येते, मग ठरवू.’ कदाचित ते स्वतःच म्हणतील की बरं झालं सांगितलंत. नवऱ्याची तपासणी याच आठवड्यात. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘दोन्ही मूत्रवाहिन्या आणि किडन्याही बघाव्यात’ ही ओळ डॉक्टरांकडून लिहून घ्या. ती नसेल तर पुष्कळदा प्रोब तिथपर्यंत जातच नाही, आणि बघायला पाच मिनिटं लागतात.